कॅसेटची तबकडी होते तेव्हा : रायपूरच्या एका लग्नफितीची पाठचिकित्सा

घरातल्या कपाटात पडलेली जुनी व्हिडिओ कॅसेट दुकानात द्यायची आणि आठवड्याने तिची चकचकीत तबकडी घेऊन यायची, हा व्यवहार आपण झेरॉक्स काढण्यासारखा समजतो. आत एक वस्तू गेली, बाहेर तीच वस्तू नव्या रूपात आली, अशी आपली समजूत असते. या टिपणात मी तुम्हाला असे दाखवणार आहे की ही नक्कल नसून संपादन आहे, आणि बहुतेक वेळा ते वाईट संपादन असते. साहित्याच्या अभ्यासक्रमात तुम्ही पाठचिकित्सा नावाचा घटक शिकता. पोथ्या मिळवणे, त्यांची तुलना करणे, पाठभेद नोंदवणे, प्रक्षेप ओळखणे ही कामे आपण ज्ञानेश्वरी आणि महाभारत यांच्यासाठी राखून ठेवली आहेत. ती एका लग्नाच्या कॅसेटवर करून पाहिली तर काय हाती लागते, हा येथील प्रश्न आहे.

त्यासाठी निवडलेली संहिता अशी : रायपूरच्या बुढापारा भागातील एका मराठी कुटुंबातील मुलीचे १९९२ सालचे लग्न. घरासमोर मांडव, वर नागपूरचा. वधूपक्षाकडे असलेली व्हीएचएस कॅसेट ई-१८० प्रकारची, म्हणजे १८० मिनिटांची आहे आणि तिच्यावर २ तास ४७ मिनिटांचे चित्रण आहे. काही वर्षांपूर्वी कुटुंबाने शहरातल्या एका दुकानातून तिची डीव्हीडी करून घेतली. ती १ तास ५२ मिनिटांची आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याची संधी मला मिळाली. नावे येथे देण्याचे कारण नाही, कुटुंबाचे नाही आणि दुकानाचेही नाही. अशा तबकड्या गावोगाव आहेत. तुमच्या घरातही एखादी असेल.

आधी वस्तू समजून घ्या

व्हीएचएस ही जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणलेली पद्धत. कॅसेटमध्ये अर्धा इंच रुंदीची, पॉलिस्टरची, एका बाजूला चुंबकीय लेप दिलेली फीत असते. १८० मिनिटांच्या कॅसेटमध्ये ती सुमारे अडीचशे मीटर भरते. यंत्रात ती एका फिरत्या दंडगोलाला तिरकी वेढली जाते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत हा दंडगोल सेकंदाला २५ फेरे घेतो आणि त्यावरची दोन डोकी आळीपाळीने फितीवर तिरक्या रेघा वाचत जातात. एक रेघ म्हणजे एका सेकंदाचा पन्नासावा भाग. चित्र या तिरक्या रेघांत असते. आवाज मात्र साध्या यंत्रांत फितीच्या अगदी काठावर सरळ पट्टीत नोंदलेला असतो. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, कारण फीत चुरगळते ती आधी काठाला. म्हणून जुन्या कॅसेटमध्ये चेहरे शाबूत आणि बोलणे खरखरीत असे पुष्कळदा आढळते.

लेप ज्या चिकटद्रव्याने धरून ठेवलेला असतो ते हवेतला ओलावा शोषून हळूहळू विघटित होते. रायपूरमध्ये मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो आणि जूनच्या मध्यानंतर हवा एकदम दमट होते. लोखंडी कपाटात, माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटला यापेक्षा वाईट हवामान शोधून सापडणार नाही. झरोक्यातून फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे असे समजा आणि ती कॅसेट चालवू नका. तिची बुरशी यंत्राच्या डोक्यांना लागते आणि तेथून पुढच्या कॅसेटला.

यंत्रेही संपत आली आहेत. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने त्याच्या आसपासच इशारा दिला होता की २०२५ पर्यंत अंकीय रूपात न आणलेल्या चुंबकीय फिती बहुधा हातच्या जातील. एखादी फीत त्या वर्षी फुटून पडेल असा याचा अर्थ नव्हता. फीत, ती वाचणारे यंत्र आणि ते दुरुस्त करणारा माणूस, तिन्ही एकत्र सापडणे दुर्मिळ होईल, असा होता. म्हणजे आज जे हस्तांतरण होते तेच पुष्कळ कॅसेटींच्या बाबतीत शेवटचे ठरणार आहे. वाईट संपादनाबद्दल तक्रार करण्याचे कारण इतकेच. एरवी मी दुकानदाराच्या वाट्याला गेलो नसतो.

ही मूळ प्रत नव्हेच

आता एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या कॅसेटला कुटुंब ‘ओरिजिनल’ म्हणते ती मूळ नाही. त्या काळची पद्धत अशी होती : व्हिडिओवाला खांद्यावरच्या मोठ्या कॅमेऱ्याने, हॅलोजनच्या प्रकाशात दिवसभर चित्रण करी. त्या कॅसेटी घेऊन तो मिक्सिंगला बसे. तेथे टायटल लागत, बदामाच्या आकारात एक चित्र मिटून दुसरे उघडे, वधूच्या चेहऱ्यावर फुले पडत, आणि मूळ आवाजावर सिनेमाची गाणी चढत. त्यातून तयार झालेल्या मास्टरवरून वधूपक्षाला एक आणि वरपक्षाला एक अशी प्रत निघे. कॅमेऱ्यातल्या कॅसेटी पुढच्या लग्नाला वापरल्या जात, म्हणजे मूळ संहिता त्याच महिन्यात पुसली जाई. आपल्या हातातली कॅसेट ही तिसऱ्या पिढीची. चुंबकीय फितीवर पिढीगणिक चित्र मऊ होत जाते आणि रंग कडेला पाघळतात. नवरीच्या शालूचा लाल रंग तिच्या खांद्याबाहेर सांडलेला दिसतो तो यामुळे.

वॉल्टर बेन्यामिन यांचा यांत्रिक पुनरुत्पादनावरचा १९३०च्या दशकातला निबंध तुम्ही वाचला असेल. प्रतींच्या जगात मूळ कलाकृतीचे तेज ओसरते, हा त्यांचा मुद्दा येथे आठवतो, पण फारसा कामी येत नाही. येथे मूळ उरलेलेच नाही, आणि प्रत्येक प्रत वेगळी झिजलेली आहे. पोथ्यांचा अभ्यासक येथे अधिक उपयोगी. हस्तलिखितांची परंपरा अशीच असते. लेखकाच्या हातची प्रत नाही, आणि नकलांच्या नकला मात्र आहेत.

या लग्नाची वरपक्षाची प्रत नागपुरात आहे, तीही मी पाहिली. सुरुवात वेगळी आहे. टायटलमध्ये वराचे नाव आधी येते, आणि वराच्या घरची देवकप्रतिष्ठा आणि निघण्याची गडबड आहे. शेवटही वेगळा. वधूच्या पाठवणीचे जे चित्रण रायपूरच्या प्रतीत सहा मिनिटे चालते ते नागपूरच्या प्रतीत मिनिटभरात उरकते. व्हिडिओवाल्याला कोणत्या घरी कोणते रडू हवे हे ठाऊक होते. नागपूरची प्रत फारशी लावली गेलेली नाही, त्यामुळे तिचा आवाज कितीतरी स्वच्छ आहे. रायपूरची प्रत वारंवार पाहिलेली, म्हणून झिजलेली. कुटुंबाने तबकडी करून घेताना ही दुसरी प्रत कुणाला आठवलीच नाही. संपादकाचे पहिले काम प्रती गोळा करणे. ते झाले नाही.

पंचावन्न मिनिटे

१६७ मिनिटांतून ११२ उरली, म्हणजे ५५ गेली. काय गेले ते मी घड्याळ लावून मोजले. पंगतीची १९ मिनिटे, वरात रस्त्यावरून येतानाची १४, अहेर देण्याच्या रांगेची ११, काळोखाची ४, आणि इकडची तिकडची मिळून ७.

ही निवड कशी झाली असेल, ते समजायला कठीण नाही. एका साध्या डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट मावतात. गणित करून पाहा : दोन तासांचे चित्रण भरले तर सेकंदाला सुमारे ५२ लाख बिट मिळतात, तीन तासांचे भरले तर सुमारे ३५ लाख. बिट कमी झाले की हलत्या गर्दीचे चौकोनी तुकडे पडायला लागतात. दुकानदाराने दोन तासांच्या आत बसवले यात त्याची कारागिरीची जाण दिसते. दोन तबकड्या करता आल्या असत्या, पण गिऱ्हाईकाला एकच हवी असते. शिवाय ‘कंटाळवाणा भाग काढून टाका’ असे सांगणारे घरचेच असतात. दोष वाटायचा तर तो असा सगळ्यांत वाटावा लागेल.

तरीही काय कंटाळवाणे ठरले ते पाहा. पंगतीत कुटुंबातली माणसे थोडी आहेत. वाढपी आहेत, पातेल्यामागे उभा आचारी आहे, ताटे उचलणाऱ्या बायका आहेत, आणि कॅमेरा आपल्याकडे वळताच घास हातात धरून थांबलेले पाहुणे आहेत. वरातीच्या चौदा मिनिटांत बँडवाले आहेत, डोक्यावर दिव्यांची झुंबरे घेऊन चालणारी माणसे आहेत, जनरेटरची हातगाडी ढकलणारा पोरगा आहे. आणि त्यांच्यामागे १९९२ सालचा रायपूरचा रस्ता आहे. पाट्या, सायकल रिक्षा, गच्चीवरून पाहणारे शेजारी. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले आणि रायपूर राजधानी बनले. त्यानंतर शहर ज्या वेगाने बदलले तो पाहता, या रस्त्याचे राजधानीपूर्वीचे चलतचित्र शोधायला निघालात तर तुम्हाला शेवटी अशाच लग्नाच्या कॅसेटींकडे यावे लागेल. वृत्तपटवाले बुढापाऱ्याच्या गल्लीत कशाला येतील?

थोडक्यात, तबकडीतून जी माणसे गाळली गेली ती बहुतेक अशी आहेत की ज्यांच्या घरी या लग्नाची कॅसेट कधीच नव्हती. पॅट्रिशिया झिमरमन यांनी अमेरिकेतील हौशी चित्रणाचा सामाजिक इतिहास १९९५ साली लिहिला. घरगुती चित्रण म्हणजे निव्वळ घरातल्यांच्या आठवणी नव्हेत, कुटुंब म्हणजे काय याची कल्पनाही तेथे घडवली जाते, असे त्या पुस्तकाचे साधारण सूत्र आहे. रायपूरच्या कॅसेटमध्ये कुटुंब मांडवभर पसरलेले आहे. तबकडीत ते स्टेजवर मावेल एवढे झाले.

काळोखाची चार मिनिटे

या टिपणातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा पाठभेद हा आहे. मंगलाष्टके चालू असताना, तिसऱ्यानंतर, वीज जाते. कॅमेरा बॅटरीवर असल्यामुळे चालू राहतो. पडदा जवळजवळ काळा होतो आणि आवाज एकदम जवळ येतो. भटजी क्षणभर थांबतात, मग काळोखातच पुढचे अष्टक म्हणू लागतात. कुणीतरी पेट्रोमॅक्स आणायला ओरडतो. एक म्हातारी बाई म्हणते, ‘अगं, त्या लइकाला उचल, पाय पडेल कुणाचा.’ लइका म्हणजे छत्तीसगढीत लेकरू. दोन पिढ्या रायपुरात राहिलेल्या मराठी घराची ही भाषा. प्रत्यय मराठी, शब्द छत्तीसगढी, आणि बोलणारीला त्यात काही विशेष केले असे वाटतही नाही. थोड्या वेळाने डाव्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका उमटतो, मोठा होत जातो, आणि त्याच्या उजेडात अंतरपाटाची कड दिसते.

तबकडीत हे नाही. तिसऱ्या अष्टकाच्या ‘सावधान’नंतर थेट उजेडातले सहावे सुरू होते. ‘ब्लँक’ भाग म्हणून तो कापला गेला असणार. काळ्या पडद्यावर संगणकाचे कॅप्चर कार्ड अडखळते, चित्र आणि आवाज यांचा मेळ बिघडतो, हे तांत्रिक कारणही असू शकेल. पण १९९२च्या मिक्सिंगवाल्याने ही चार मिनिटे ठेवली होती, हे विसरू नका. त्याच्याकडे बदाम होते, फुले होती, हवे ते झाकायची साधने होती. त्याने ना ते कापले, ना त्यावर गाणे घातले. मुहूर्ताच्या मंगलाष्टकांना कात्री लावायची नसते, हे त्याला कुणी शिकवावे लागले नसेल. नंतरच्या संपादकाकडे अधिक शक्तिमान यंत्र होते आणि हा एक संकोच नव्हता.

पाठचिकित्सेत एक नियम सांगतात : दोन पाठांपैकी कठीण पाठ सहसा जुना मानावा, कारण नकलकार अवघड ते सोपे करत जातो. काळोख हा कठीण पाठ आहे.

गाणी कोणी घातली

वगळण्याइतकीच भर घालण्याचीही चिकित्सा करायची असते. कॅसेटवर मुळात गाणी आहेतच. पैकी काही १९८९च्या ‘मैंने प्यार किया’ची, त्या काळच्या लग्नफितींत अगदी अपेक्षित. ती त्या संहितेचा भाग आहेत. मला ती आवडत नाहीत, पण ती काढायचा अधिकार मला नाही. तबकडीत मात्र पाठवणीच्या सहा मिनिटांवर एक नवे गाणे आहे, आणि ते २००० नंतरच्या चित्रपटातले आहे. १९९२च्या लग्नात आठ-दहा वर्षांनी जन्मणारे गाणे! एखाद्या जुन्या म्हणवणाऱ्या ओवीत नंतरच्या काळातला शब्द सापडला की आपण प्रक्षेप ओळखतो, तितके हे सरळ आहे. त्याखाली काय होते ते रायपूरची कॅसेट लावली की खरखरीतून, आणि नागपूरच्या प्रतीतल्या एका मिनिटापुरते स्वच्छ, ऐकू येते. वधूची आई काहीतरी सांगते आहे, बहुधा डब्याबद्दल, प्रवासात खायच्या कशाबद्दल तरी. ते खरखरीत होते म्हणून झाकले गेले.

शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि तिच्यात आपली ओवी घुसवणाऱ्याला शेवटी स्पष्ट शब्दांत बजावले. मराठीत संपादकाच्या नीतीचा विचार इतका जुना आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी पाहिली गेली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी तिची पद्धत घालून दिली. ती आवृत्ती उघडून पाहाल तर ध्यानात येईल की स्वीकारलेला पाठ वर, आणि नाकारलेले पाठ तळटिपांत व परिशिष्टांत छापलेले आहेत. नाकारणे म्हणजे फेकून देणे नव्हे. पुढच्या वाचकाला संपादकाशी भांडता यावे एवढी सामग्री तेथे शिल्लक ठेवलेली आहे. आपल्या तबकडीला परिशिष्ट नाही. पंचावन्न मिनिटे कुठेच नाहीत, आणि ती गेली याची नोंदही नाही. त्याऐवजी सुरुवातीला गुलाबी बदामांचा मेनू आहे.

यंत्राचे हस्ताक्षर

काही बदल कुणाच्या निर्णयाने होत नाहीत, यंत्राच्या सवयीने होतात. ते ओळखायला शिका. कॅसेटचे चित्र चार रुंद व तीन उंच अशा प्रमाणाचे. या तबकडीत ते सोळा-नवाच्या पडद्यावर ताणून बसवले आहे, म्हणून प्रत्येक माणूस एक-तृतीयांशाने रुंद झाला आहे. मांडवातली सडपातळ मुले गुबगुबीत दिसतात आणि कुटुंबातल्या तरुणांना वाटते की तेव्हा सगळे खाऊन-पिऊन सुखी होते. चित्राच्या तळाशी नाचणारी पांढरी रेघ जुन्या टीव्हीच्या चौकटीआड दडत असे. संगणकावर ती उघडी पडते, म्हणून दुकानात खालची कड कापतात. सोबत जमिनीवर बसलेल्यांचे पाय जातात.

यापूर्वीच्या पिढीने तर आधी व्हीसीडी करून घेतल्या होत्या. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, डीव्हीडीचे ७२० बाय ५७६. म्हणजे व्हीसीडीत चौथ्या हिश्श्याहूनही कमी ठिपके. त्यातही कॅसेट सेकंदाला ५० क्षण टिपते आणि व्हीसीडी २५च ठेवते. हात हलताना जी सलगता दिसते ती तेथे हरवते. तुमच्या घरची डीव्हीडी जर व्हीसीडीवरून केलेली असेल तर मोठ्या तबकडीने गेलेले परत येत नाही. कॅसेट शिल्लक असेल तर पुन्हा तिच्याकडेच जा.

आणि ‘खर काढण्याचे’ फिल्टर. रायपूरच्या कॅसेटमध्ये एका जागी चित्रावर आडव्या पांढऱ्या ओरखड्यांचा झोत येतो. वधूचे आजोबा गाडीतून उतरून चष्मा पुसत असतात, तेथे. आजूबाजूची फीत बरी आहे, फक्त एवढीच जागा घासलेली. असे कधी होते? कॅसेट थांबवून ठेवली की फिरती डोकी त्याच जागेवर घासत राहतात. आजोबा लग्नानंतर फार जगले नाहीत, असे घरचे सांगतात. कुणीतरी तेथे पुन्हा पुन्हा थांबले होते. ल्यूकस हिल्डरब्रँड या अभ्यासकाने व्हिडिओफितीवरच्या आपल्या २००९च्या पुस्तकात झिजेकडे अशाच दृष्टीने पाहिले आहे : झीज ही पाहण्याची, नकलण्याची खूण असते. तबकडीत ती जागा गुळगुळीत आहे. आजोबा चष्मा पुसतात आणि पुढे निघून जातात.

येथे माझ्या म्हणण्याला एक बाजू आहे हे मान्य केले पाहिजे. घरच्यांना आजोबांचा चेहरा स्पष्ट हवा असेल तर त्यांना कोण नाही म्हणणार? पाहण्याची प्रत आणि जपण्याची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहण्याच्या प्रतीत खुशाल सफाई करा, छाटा, गाणी घाला. अडचण तेव्हा होते जेव्हा पाहण्याची प्रत मिळाली म्हणून कॅसेट रद्दीत जाते. या कुटुंबाने ती ठेवली होती, केवळ कंटाळ्यामुळे. म्हणून हे टिपण लिहिता आले.

रायपूरच का

रायपूर आणि दूरचित्रवाणी यांचा संबंध जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा जो प्रयोग भारतात झाला, त्यात सहा राज्यांतली सुमारे २४०० गावे होती आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातला रायपूरचा परिसर त्यांपैकी एक. म्हणजे पुण्या-मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रात टीव्ही फारसा पोहोचला नव्हता तेव्हा छत्तीसगडच्या खेड्यांत लोक त्यासमोर बसत होते. पण ते दुसऱ्याने पाठवलेले, हिंदीतले चित्र होते. आपण स्वतः पडद्यावर दिसणे, आपल्या घरच्या बोलीसकट, हे व्हिडिओवाल्याने घडवले.

येथील मराठी माणूस अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या भागात आहे. बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहत. टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच भूमीत वाढले. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. या समाजाचे मराठी लिहिलेल्या कागदांत फार शुद्ध दिसते. पत्रिका, अहवाल, स्मरणिका सगळ्या पुणेरी वळणाच्या. काळोखातली ती ‘लइका’ कुठल्याही स्मरणिकेत सापडणार नाही. बोलीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला नव्वदच्या दशकातल्या लग्नफितींचा मूळ आवाज, जेथे गाण्याखाली दबला नसेल तेथे, ही मोठी सामग्री आहे, आणि तबकडी करताना पहिला बळी तिचाच जातो.

शासकीय संग्रहालये हे काम करतील अशी अपेक्षा ठेवू नका. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले तोवर फाळक्यांच्या १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच हाती लागण्यासारखा राहिला होता. कुणाच्या तरी बारशाची कॅसेट ते कशी सांभाळणार? लग्नाच्या व्हिडिओवर शुद्धब्रत सेनगुप्ता यांनी १९९९ साली गंभीर निबंध लिहिला, आणि व्हिडिओवाल्याला प्रतिमांचा कर्ता म्हणून पाहिले. मराठीत असे लेखन व्हायला हवे. ‘बालक-पालक’सारख्या चित्रपटात कॅसेट आणि व्हीसीआर येतात, पण भाड्याने आणलेल्या सिनेमापुरते.

काम करताना

तुमच्या घरी कॅसेट असेल तर प्रथम तिच्या मागच्या कडेवरची छोटी प्लास्टिकची पट्टी तोडलेली आहे का पाहा. नसेल तर तोडा, म्हणजे चुकून तिच्यावर काही नोंदले जाणार नाही. एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. दुकानदाराला सांगा की मला आधी संपूर्ण, न कापलेली, मूळ प्रमाणातली फाइल हवी, काळ्या भागासकट, डीव्हीडी नंतर. डीव्ही पद्धतीची फाइल तासाला साधारण १३ जीबी होते, तीन तासांची चाळीसच्या आत, म्हणजे आजच्या साध्या पेन ड्राइव्हवर मावते. ती दोन ठिकाणी ठेवा. लिहिता येणारी डीव्हीडी म्हणजे सेंद्रिय रंगाचा एक थर, तोही उडतो. आणि तुमच्या लॅपटॉपला बहुधा तबकडीचा खण नाहीच. सासरच्या, माहेरच्या, आत्याच्या घरी दुसरी प्रत आहे का विचारा. आवाज एका प्रतीतून आणि चित्र दुसऱ्या प्रतीतून घ्यावे लागेल.

मग वडीलधाऱ्या कुणाला तरी शेजारी बसवून ती फाइल लावा आणि फोनवर त्यांचे बोलणे नोंदवा : हा कोण, ही कोण, हा आचारी कुठल्या गावचा. मिनिट आणि सेकंद लिहून ठेवा. तळटीप अशीच तयार होते.

स्वाध्यायासाठी : घरातील किंवा ओळखीच्या घरातील एक कॅसेट आणि तिच्यावरून केलेली तबकडी मिळवा. दोन्ही सलग पाहून वगळलेल्या, घातलेल्या आणि बदललेल्या जागांचा तक्ता करा. प्रत्येक जागेपुढे तो निर्णय कुणाचा असावा ते लिहा : चित्रण करणाऱ्याचा, मिक्सिंगवाल्याचा, तबकडी करणाऱ्याचा, कुटुंबाचा की यंत्राचा. जेथे ठरवता येत नाही तेथे प्रश्नचिन्ह ठेवा. कॅसेट परत करताना ती उभी ठेवायला सांगा, आडवी नको.